होचिकिसु आणि माझ्या स्टेपलर पिना

तोक्योतल्या आमच्या ऑफिसात बुधवारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास इंग्रजी बोलायचं ठरलं. भारतीय म्हणजे इंग्रजी येणारच, म्हणून मास्तरकी माझ्या गळ्यात. सोपं म्हणून टेबलावरच्या वस्तूंपासून सुरुवात केली.

स्टेपलर उचलला. सगळे एका सुरात, "होचिकिसु!" हा शब्द इंग्रजीच, याची प्रत्येकाला खात्री. मुळात हॉचकिस हे अमेरिकन कंपनीचं नाव. तिचं यंत्र इथे आलं आणि नाव यंत्रालाच चिकटलं, आपल्याकडे झेरॉक्सचं झालं तसं. मी ऐटीत फळ्यावर 'स्टेपलर' लिहिलं. खालून आवाज आला, "सुतेपुराऽ." जोडाक्षर फोडल्याशिवाय त्यांच्या जिभेवर बसत नाही.

मग शापेन. म्हणजे शार्प पेन्सिल. हायाकावा तोकुजी यांनी 1915 च्या सुमारास ती काढली, आणि टीव्हीवाल्या शार्प कंपनीचं नाव त्या पेन्सिलीवरूनच पडलं. पण अमेरिकन माणसापुढे 'शार्प पेन्सिल' म्हणाल तर तो टोक केलेली साधी पेन्सिल देईल. त्याच्या भाषेत ती मेकॅनिकल पेन्सिल. (आम्ही शाळेत तिला पेन-पेन्सिल म्हणायचो, हे तेव्हा सांगितलं नाही.)

तिसऱ्या बुधवारी एक अमेरिकन सहकारी सहज येऊन बसला आणि माझी यादी वाचू लागला. 'स्टेपलर पिन'पाशी थांबला. "स्टेपल्स म्हणायचंय का?" 'व्हाइटनर'? ते करेक्शन फ्लुइड. 'स्केच पेन' म्हणजे काय, ते तर मला हातवारे करून सांगावं लागलं. 'रबर'वर आला तेव्हा तो नुसता खोकला. अमेरिकेत कुणाकडे रबर मागितलं तर समोरचा निरोध समजतो! इरेझर म्हणायचं. इंग्लंडात रबर चालतं, पण क्लायंट सगळे अमेरिकेतले.

म्हणजे विद्यार्थी जपानी इंग्रजी बोलत होते आणि मास्तर देशी. यादी फाडून नवी केली, तीन रकान्यांची: जपानात काय म्हणतात, भारतात काय, अमेरिकेत काय. वर्गात सगळ्यात जास्त मजा त्या मधल्या रकान्याने आणली. खोडरबराला जपानीत केशिगोमु. केशि म्हणजे खोडणं, गोमु म्हणजे रबर, तो शब्द डचांकडून आलेला. खोड-रबर! शब्दाची फोड करून दाखवली तर शेजारच्या टेबलावरची बाई टाळ्या पिटत हसली.

परवा कागद टाचताना सवयीने म्हणालो, "स्टेपलर पिन आहे का?" तिने डबी पुढे सरकवली आणि स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "सुतेपुरुझु."