मे महिन्यात टिकेल तो व्यायाम

शाळेतून निवृत्त झालो तरी पी.टी.चा मास्तर ही ओळख काही पुसली गेली नाही. भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत लोक गाठतात आणि विचारतात, "सर, वजन उतरवायला काय करू? चालू की जिम लावू? अन् खायचं काय?" विचारणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थीही असतात. मैदानाला दोन चकरा मार म्हटलं की ज्यांच्या पोटात दुखायचं, ते आता पोटाचंच विचारायला येतात.

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. पण त्याआधी माझा एक उलटा प्रश्न आहे. मे महिन्यात काय करणार?

आपल्या नागपुरात व्यायामाचा हंगाम ठरलेला आहे. दिवाळी सरली, थंडी पडली की सेमिनरी हिल्सवर, अंबाझरीला, ट्रॅफिक पार्कात पाय ठेवायला जागा नसते. नवे बूट, नव्या टोप्या. होळी झाली की गर्दी पातळ होते. एप्रिल संपता संपता नेहमीचे चार म्हातारे उरतात. पारा ४५ च्या पुढे सरकतो, मे अखेरचा नऊ दिवसांचा नवतपा लागतो, आणि बूट माळ्यावर जातात. मग पाऊस, मग पोळा, गणपती, दिवाळी. "थंडी पडली की पुन्हा सुरू करतो सर." हिवाळ्यात उतरलेले दोन-तीन किलो पावसाळ्यात परत येतात, वर व्याजही आणतात. म्हणून म्हणतो, नागपुरात व्यायाम डिसेंबरकडे बघून निवडू नका. मे महिन्यात जो जमेल तोच तुमचा. बाकीचे सगळे पाहुणे.

मग मे महिन्यात काय जमतं? चालायचंच असेल तर पहाटे. मे अखेरीला आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि सात वाजता ऊन टोचायला लागतं. म्हणजे पाचला घराबाहेर आणि साडेसहाला परत. त्यासाठी रात्री दहाला झोपावं लागतं, आणि खरा व्यायाम तोच आहे. ज्यांची ड्यूटी रात्रीची किंवा दुकान उशिरा बंद होतं, त्यांनी पहाटेच्या फंदात पडूच नये. त्यांनी घरात कूलरसमोर सूर्यनमस्कार आणि बैठका कराव्यात, कामावर जाता-येता मेट्रोचे सरकते जिने सोडून पायऱ्या धराव्यात. पोहता येत असेल आणि जवळ तलाव असेल तर उन्हाळ्यात त्याच्याइतकं सुख नाही.

आता घामाबद्दल, कारण इथे भल्याभल्यांची फसगत होते. "सर, पसिना इतका निघून राहिला, पण काटा काही हलून नाही राहिला. काहून?" घाम हा अंग थंड ठेवायचा बंदोबस्त आहे. चरबी वितळून बाहेर येते असं काही नसतं. आपल्याच गावात बघा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की घाम आल्या-आल्या उडून जातो, कपाळावर मिठाची पांढरी रेघ तेवढी राहते. जुलै-ऑगस्टमध्ये तेवढंच चाला, बनियन पिळून काढावं लागतं. चालणं तेच, खर्च जवळपास तोच, घाम दिसण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. काही पोरं तर अंगात रेनकोट घालून पळतात. तासाभरात एक किलो उतरला म्हणून खूश होतात, पण तो किलो म्हणजे एक लिटर पाणी. घरी येऊन तांब्याभर प्यायलं की परत जागेवर. आणि आपल्या उन्हाळ्यात हा खेळ केला तर दवाखाना गाठावा लागतो. उष्माघात काही गंमत नाही, नागपूरकराला ते वेगळं सांगायला नको.

चालणं चांगलंच आहे. हृदयाला, साखरेला, झोपेला, डोक्यातल्या कटकटीला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे रोज अर्धा तास पाच दिवस. पण त्याच सल्ल्यात पुढे एक ओळ आहे, ती कोणी वाचत नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करा. खाणं कमी केलं की शरीर चरबीबरोबर थोडा स्नायूही जाळतं. स्नायूंना काम दिलं तर ते टिकतात. आणि आपल्या लोकांकडे स्नायू मुळातच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे एक इंग्रज सहकारी यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार असा आपला नमुना. म्हणून नुसत्या काट्यावर भरवसा ठेवू नका, शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर ही हद्द मानतात.

ताकदीसाठी जिम लावलीत तर उत्तम, पण वर्षाची फी भरून तीन आठवडे जाणारे मी फार पाहिलेत. मी बैठका सांगतो. आखाड्यातल्या नकोत, घरातल्या. साधी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. कडेवर बसा, दोन पावलांत खांद्याइतकं अंतर, हात छातीवर बांधलेले. हाताचा टेकू न घेता उठा. बसताना मात्र धप्पकन बसायचं नाही, मनात एक-दोन-तीन म्हणत हळूहळू खाली यायचं. खरा कस त्या तिनात आहे, मांड्या थरथरतात. दहा वेळा, मग दम घ्या, असं तीनदा. सोपं वाटायला लागलं की पाच किलो तांदळाची थैली छातीशी धरा. जोर आधी भिंतीला, मग ओट्याला, मग जमिनीवर. एवढ्यात हात-पाय दोन्ही आले, खर्च शून्य, आणि कूलरसमोर होतं.

ज्यांचं वजन नव्वदीच्या पुढे आहे आणि गुडघे कुरकुरतात, त्यांनी दोरीवरच्या उड्या आणि पळणं आधी विसरावं. अंगावरचा एक किलो कमी झाला तर चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला जवळपास चार किलोंनी हलका होतो. पहिले चार-पाच किलो सपाटीवर चालून आणि ताटात बघून उतरवा, मग टेकडी.

ताटाचं आता बोलतो, कारण वजन उतरतं ते मुख्यतः तिथे. व्यायामाने ते उतरलेलं राहतं.

फुटाळ्याला चालून येणाऱ्यांचा परतीचा थांबा तुम्हाला ठाऊक आहे. ठेल्यावर पिवळ्या पोह्यांचा ढीग, शेजारी चण्याचं पातेलं उकळत असतं आणि त्यावर बोटभर लाल तवंग. ठेलेवाल्याचा हात बघा. पळी वरच्यावर फिरवली की नुसती तर्री येते, तळापर्यंत घातली की चणे येतात. मग वरून शेव, कांदा, लिंबू. आता हिशेब करा. पंच्याहत्तर किलोचा माणूस सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालला की ढोबळमानाने ५० कॅलरी खर्च होतात. चार किलोमीटरला २००. तेलाचा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, १२० कॅलरीचा. तवंगाचे दोन चमचे प्लेटमध्ये पडले की चार किलोमीटर तिथेच फिटले. पोहे, शेव आणि साखरेचा चहा अजून मोजलाच नाही.

याचा अर्थ तर्री-पोहा सोडा असा नाही. नागपुरात राहून तो सोडायला सांगणारा डॉक्टर मी तरी मानणार नाही. ठेलेवाल्याला सांगा, "भाऊ, पळी खालून घाल, चणे जास्त दे, शेव नको." तो हसेल, पण देईल. चण्यात प्रथिनं आहेत, पोट भरतं. आणि चालून आल्यावर रोज नको, रविवारी खा.

घरचा हिशेब याहून मोठा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठं काम करणाऱ्याला दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल-तूप पुरेसं धरलं होतं. चौघांच्या घराला ते महिन्याला पावणेतीन किलोच्या आसपास होतं. आपल्याकडे अजून खूप घरांत १५ किलोचा पिपा येतो. तो चौघांना पाच महिने पुरायला हवा. तुमच्याकडे किती पुरतो? पिपा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख टाका, कळेल. दोन महिन्यांत संपत असेल तर कोणतंही डाएट शोधायची गरज नाही, उत्तर त्या पिप्यात आहे. आपला झुणका, भरली वांगी, सावजी रस्सा, सगळ्यांना तेल सुटावं लागतं हे खरंच. सावजी महिन्यातून एकदा सावजीसारखंच खावं, रोजच्या भाजीला मात्र पळी सोडून चमचा वापरावा. कढईत थेट ओतणं बंद केलं तरी बराच फरक पडतो.

आता तो वाद. दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं? दोनदावाले दीक्षित की थोडं थोडं सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर? अख्ख्या महाराष्ट्रात घरोघरी यावर भांडणं झाली. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या विचाराचं मूळ आपल्या नागपूरचं, हे पुष्कळांना माहीत नसतं. डॉ. श्रीकांत जिचकार यांची व्याख्यानं ऐकून दीक्षितांनी तो घेतला, हे ते स्वतः सांगतात. जिचकार २००४ मध्ये अपघातात गेले, नाहीतर आज तेच सांगत फिरले असते.

माझं मत विचाराल तर दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत आणि दोन्हींनी न उतरलेलीही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये ६०९ लोकांवर वर्षभर केलेली तुलना छापली. वाद वेळांचा नव्हता, काय खायचं याचा होता, पण धडा तोच. एका गटाला स्निग्ध (तेल-तूप) कमी, दुसऱ्याला पिष्ट (भात-पोळी-साखर) कमी. वर्षाअखेर सरासरी वजन एका गटाचं पाच किलोंच्या वर उतरलं, दुसऱ्याचं सहा, म्हणजे फरक नावापुरता. पण प्रत्येक गटात काहींचे पंचवीस-तीस किलो उतरले आणि काहींचं वजन उलट वाढलं. म्हणजे पद्धतीपेक्षा माणसामाणसातलं अंतर मोठं. तेव्हा स्वतःकडे बघा. इतवारीत दुकान असलेल्या माणसाला दिवसभरात दहा चहा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर बिस्किट चुकत नाही. त्याला "मध्ये काहीच नाही" हा कडक नियम मानवतो, कारण नाही म्हणायला कारण मिळतं. उलट ज्या बाईचं भूक लागली की डोकं उठतं आणि मग ती जेवणावर तुटून पडते, तिने चार वाजता मूठभर फुटाणे किंवा एक संत्रं खाल्लेलं बरं. संत्रं सोलून खा, रस काढू नका. एका गिलासात तीन-चार संत्री जातात, ती बसून सोलून खायला गेलात तर दोनात पोट भरतं.

बायकांची एक तक्रार वेगळी असते. "दिवसभर राबते सर, जेवण पाखराएवढं, तरी वजन उतरत नाही." जेवण थोडंच असतं, खोटं नाही. पण पोराच्या डब्यातली उरलेली अर्धी पोळी, भांड्याला लागलेला भात, फेकवत नाही म्हणून संपवलेली कालची भाजी, हे त्या जेवणात धरतच नाहीत. त्याला दुसरं जेवण म्हणायला हरकत नाही. त्यात उपवास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर फल्लीचा कूट आणि तूप. साध्या वरण-भाताच्या दुप्पट ऐवज पोटात जातो आणि दुपारी चारला पुन्हा भूक. देवाला भगर-ताक चालतं, एक केळं चालतं. मी विचारून घेतलंय असं समजा.

ताटात भर कशाची घालायची म्हणाल तर वरणाची. तुरीच्या मुलखात राहून आपण वरणाचं पाणी करतो. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिनं असतात आणि सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला साठेक लागतात. वरण घट्ट करा, जोडीला दही, उसळ, चालत असेल तर दोन अंडी. पोळ्या चारवरून दोनवर आपोआप येतात, हट्ट करावा लागत नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर यातलं एकही जेवण डॉक्टरांना न विचारता गाळू नका, साखर एकदम खाली जाते. थायरॉइड तपासायचं राहिलं असेल तर तेही बघून घ्या.

शेवटचा प्रश्न नेहमीचा. किती दिवसांत उतरेल? एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज पाचशेची तूट काढलीत तर आठवड्याला अर्धा किलो. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, ते पाणी असतं, पेढे वाटू नका. परवाच एक जुना विद्यार्थी आला. साळ्याचं लग्न पंधरा दिवसांवर, शेरवानी पोटावर अडते, म्हणाला, "सर, काही तरी सांगाच." मी सांगितलं, आपल्या महाल भागात चांगले शिंपी आहेत, आजच जा.