36 पानांचा पोकर आणि आपलं पाच-तीन-दोन

हाँगकाँगमध्ये राहतो म्हटलं की पुण्याचे मित्र पहिला प्रश्न विचारतात, मग काय, कसिनो वगैरे? तर मंडळी, हाँगकाँगमध्ये कसिनो नाहीये. इथे घोड्यांची रेस, फुटबॉलवरचं बेटिंग आणि मार्क सिक्स नावाची लॉटरी कायदेशीर, आणि ते सगळं जॉकी क्लबकडे. कसिनो हवा तर फेरी पकडून तासाभरात मकाव, किंवा 2018 ला सुरू झालेल्या त्या लांबलचक पुलावरून बस. घरी मित्रांमध्ये पत्ते कुटायला मात्र हरकत नसते, कोणी त्याचा धंदा मांडला नाही म्हणजे झालं. तर आमचा अड्डा असतो टीममधल्या एका मलेशियन चायनीज मित्राच्या घरी. फ्लॅट एवढासा की फोल्डिंग टेबल उघडलं की बाथरूमचं दार अर्धंच उघडतं, आणि टेबल मुळात माहजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळाचं.

इथेच मी शॉर्ट डेक हा पोकरचा प्रकार शिकलो, ज्याला सिक्स प्लस पण म्हणतात. कॅटमधून दुर्री, तिर्री, चौकी, पंजी सगळी काढून टाकायची, उरतात छक्कीपासून एक्क्यापर्यंत 36 पानं. बाकी होल्डेमसारखंच, म्हणजे नेहमीच्या पोकरसारखंच, प्रत्येकाच्या हातात दोन, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, त्यातून ज्याची पाच पानं भारी तो जिंकला. मला यात नवल काहीच वाटलं नाही, कारण आपण लहानपणापासून पाच-तीन-दोन खेळताना छोटी पानं काढून 30 पानांतच खेळतो की! उलट मित्रालाच मी सांगितलं की बाबा आमच्याकडे आज्जीसुद्धा छोटी पानं बाजूला काढून बसते, तर त्याला ते फारच भारी वाटलं.

पण पानं कमी झाली की आकडे कसे फिरतात ते मात्र हळूहळू डोक्यात शिरलं. एका रंगाची पानं आता 13 नाही, 9 च. त्यामुळे फ्लश, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची, जमणं अवघड. पाच पानांच्या हिशोबात पूर्ण कॅटमध्ये फ्लश 5108 प्रकारे होतो आणि फुल हाऊस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) 3744 प्रकारे, आणि इथे फ्लश फक्त 480 प्रकारे, फुल हाऊस 1728! म्हणून शॉर्ट डेकमध्ये फ्लश फुल हाऊसला मारतो. नेहमीचा पोकर खेळलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, हात आपोआप चिप्स ओढायला पुढे जातो आणि समोरचा शांतपणे पाच बदाम मांडतो. दुसरी गंमत एक्क्याची, पंजी नसल्यामुळे तिच्या जागी एक्का उभा राहतो, म्हणजे एक्का-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी हा स्ट्रेट, म्हणजे ओळीनं पाच पानं, धरतात.

आणि हातात दोन एक्के येणं तर किती सोपं, होल्डेममध्ये 221 डावांत एकदा, इथे 105 मध्ये एकदा. ऐकून मी खूश. पण तेच सगळ्यांना लागू ना राव! एकदा माझ्याकडे दोन एक्के, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, आले गुलाम, अठ्ठी, छक्की, तिन्ही वेगवेगळ्या रंगाचे. मित्र सरळ ऑल-इन, सगळ्या चिप्स पुढे. त्याच्याकडे काय तर दश्शी-नव्वी. अजून काही जमलेलं नाही, राणी किंवा सत्ती आली तर स्ट्रेट. पूर्ण कॅट असती तर त्याला ती यायची शक्यता 33 टक्क्यांच्या आसपास, पण इथे न पाहिलेली पानं उरतात 29 आणि त्यातली त्याच्या कामाची 8, दोन पानं यायची बाकी, म्हणजे जवळपास 48 टक्के! नाणं उडवल्यासारखंच झालं ते. रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पानावर, किलवरची सत्ती आली आणि पठ्ठ्या चहाचा घोट घेत म्हणतो, "यासाठीच तर पानं काढली."

माझं मत विचाराल तर खेळाची सगळी मजा यातच आहे, नुसतं चांगल्या पानांची वाट बघत बसणाऱ्याला इथे फार किंमत नाही. त्यात भर म्हणजे होल्डेमसारखे दोघांनीच पानं बघण्याआधी टाकायचे ब्लाइंड नसतात, प्रत्येक डावाला सगळ्यांनी अँटी, म्हणजे ठरलेल्या चिप्स, टाकायची आणि बटणवाल्यानं, म्हणजे ज्याची वाटायची पाळी त्यानं, जास्तीची, त्यामुळे फोल्ड करत, म्हणजे पानं टाकून देत, बसलं तरी चिप्स झिजतच राहतात. हा प्रकार वाढला तोच मुळी मकावच्या मोठ्या पैशांच्या टेबलांवर, जिथे लोकांना खेळायचंच असतं, थांबायचं नसतं. मग 2018 ला ट्रायटन नावाच्या मोठ्या पोकर स्पर्धांत आला आणि 2019 ला लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्येसुद्धा.

एक भानगड मात्र अजून मिटलेली नाही. तीन सारखी पानं मोठी की स्ट्रेट मोठा? काही टेबलांवर हे, काहींवर ते. ट्रायटनवाले स्ट्रेट मोठा धरतात, आम्हीही तेच धरतो, पण जुन्या पद्धतीनं खेळणारा कोणी पाहुणा आला की अर्धा तास कँटोनीज आणि इंग्लिशची खिचडी होऊन भांडण. म्हणून बसायच्या आधीच विचारून घ्यायचं.

दिवाळीत तीन पत्तीचा कंटाळा आला तर घरी करून बघा, पैसे नकोत, अँटीला शेंगदाणे चालतात. फक्त ती काढलेली 16 पानं रबर लावून जपून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी रमीला बसल्यावर बदामाच्या तिर्रीसाठी सोफा उचलायची वेळ येते.