चांदणी चौकाचा चढ आणि मागच्या चाकातली मोटर

पुण्यात घर बावधनला आणि काम कोथरूडला, म्हणजे सकाळी उतार आणि संध्याकाळी दमलेल्या पायांना चांदणी चौकाचा चढ. सायकल सोडायची नव्हती, म्हणून जुन्या गिअरच्या सायकललाच हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच असलेली मोटर, बसवून घेतली. २५० वॅट, ३६ व्होल्ट, मागच्या चाकात.

पुढच्या चाकाचं किट बसवायला सोपं असतं, तरी मी मागचंच घेतलं. चढावर वजन मागे सरकतं, त्यामुळे पुढचं चाक बारीक खडीवर नुसतंच फिरत राहतं. शिवाय पुढचं चाक धरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या चिमट्यावर (फोर्कवर) मोटरचा जोर टाकणं मला पटतच नाही. तो तुटला तर माणूस थेट तोंडावर पडतो.

या जोराबद्दल जरा सविस्तर सांगते. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा तेवढ्याच ताकदीने स्वतःच्या एक्सलला, म्हणजे मधल्या दांड्याला, उलटं फिरवू बघते. साध्या सायकलच्या एक्सलवर असा ताण कधी येत नाही. म्हणून मोटरच्या १२ मिलिमीटरच्या एक्सलला दोन बाजूंनी सपाट करून १० मिलिमीटरवर आणलेलं असतं. त्या सपाट बाजू फ्रेमच्या खाचेत अडकतात. नट ढिला पडून एक्सल फिरला, तर खाच रुंदावते आणि एक्सलमधूनच बाहेर येणारी वायर पिळवटून तुटते. त्यासाठी टॉर्क आर्म हवाच. ही पोलादी पट्टी एका टोकाला एक्सल धरते, दुसरं टोक फ्रेमच्या नळीला क्लॅम्पने आवळायचं.

“नट आवळलाय की ताई, पट्टी कशाला?” सायकलवाले काका म्हणाले.

“चढावर रोज जोर येणार काका, लावाच.”

त्यांनी लावली, वर पान्हा घालून एक्सल फिरवूनही पाहिला. जराही हलला नाही.

वायरिंग सोपं असतं, रंगाला रंग जोडत जायचं. फक्त मोटरची वायर एक्सलपाशी आधी खाली झोकून मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी हबमध्ये न जाता तिथेच ठिबकतं. आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर आळस न करता बसवा.

हब मोटरचा जोर चेनमधून जात नाही. हलका गिअर टाकला तर पायांना आराम मिळतो, मोटरला नाही. चढावर चाक रेंगाळलं की बरीचशी वीज उष्णतेत जाते. म्हणून मी चढाआधीच गिअर बदलते आणि पॅडल मारत वेग टिकवते. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरले, तर ५० मीटर उंच चढायला जेमतेम १४ वॅट-तास लागतात. माझी १० अँपिअर-तासांची बॅटरी ३६० वॅट-तासांची आहे. मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी घरी पोचल्यावर बॅटरी भरपूर उरते.

नवं चाक थोडं चाललं की त्याच्या तारा (स्पोक) सैल पडतात. तेव्हा आउट काढून, म्हणजे तारा आवळून चाक सरळ करून घ्या आणि त्याच वेळी एक्सलचे नटही पुन्हा आवळून घ्या.