'ऑथेल्लो'चं विश्लेषण : मत्सरापेक्षा पुराव्याचा माग

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर लिहायला बसलं की 'ही मत्सराची शोकांतिका आहे' हे वाक्य हमखास आधी येतं. ते चूक नाही, पण तेवढ्यावर लेख पुढे सरकत नाही. मत्सर हा विषय झाला. नाटक त्याबद्दल काय म्हणतं ते सांगायचंच राहिलं. आशयसूत्र एका पूर्ण वाक्यात मांडता येईपर्यंत मी लिहायला घेत नाही. या नाटकात ते मला पुराव्याच्या प्रश्नात सापडलं.

पहिलं वाचन सलग करतो, टिपणं न काढता. दुसऱ्या वाचनाला वहीत चार रकाने आखतो: अंक-प्रवेश, कोण कोणाला बोलतो, त्याचा दावा काय, आणि त्या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे. इयागो हा व्हेनिसचा सेनापती ऑथेल्लो याच्या हाताखालचा; ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना आणि अधिकारी कॅसिओ यांचे संबंध आहेत, असं तो ऑथेल्लोच्या मनात भरवतो. त्याच्यासाठी चौथा रकाना फार उपयोगी पडतो. पहिल्या प्रवेशात त्याची तक्रार आहे की बढती कॅसिओला मिळाली. पहिल्या अंकाच्या शेवटी तो म्हणतो की ऑथेल्लो आणि आपली बायको एमिलिया यांच्याबद्दल लोक काहीबाही बोलतात. खरं-खोटं त्याला माहीत नाही, पण ते खरंच धरून चालेन, असंही तो म्हणतो. दुसऱ्या अंकात हाच संशय कॅसिओवरही येतो. स्वगतात पात्र खरंच बोलतं असं गृहीत धरून यातलं एकच कारण उचललं, की विश्लेषण तिथेच फसतं. पुराव्याशिवाय 'धरून चालणं' हा इयागोचा स्वभाव आहे, आणि तोच तो ऑथेल्लोला लावतो.

मग मी नाटकातल्या चौकश्या एकाखाली एक लिहून काढतो. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात डेस्डेमोनाचा बाप ब्राबान्शिओ ऑथेल्लोवर आरोप करतो की त्याने जादूटोणा करून तिला वश केलं. नुसतं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे, असं व्हेनिसचा ड्यूक बजावतो आणि ऑथेल्लो स्वतःच सांगतो, डेस्डेमोनाला बोलवा, तिला बोलू द्या. दुसऱ्या अंकात, सायप्रसमध्ये, कॅसिओ मारामारी करतो; विचारल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि ऑथेल्लो इयागोच्या एकट्याच्या साक्षीवर त्याला पदावरून काढतो. तिसऱ्या अंकात तो डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो, पण मिळते ती कॅसिओच्या झोपेतल्या बडबडीची इयागोने सांगितलेली गोष्ट. चौथ्या अंकात ऑथेल्लो आडून पाहतो: कॅसिओ आपली प्रेयसी बियांका हिच्याबद्दल बोलत हसतोय, याला मात्र ते हसणं डेस्डेमोनाबद्दल वाटतं. पुढच्याच प्रवेशात एमिलिया जिवावर उदार होऊन सांगते की बाईसाहेब निर्दोष आहेत. तिची साक्ष तो कुंटिणीची म्हणून उडवून लावतो. साक्षीदार आहेत, त्यांना विचारलंही जातं. ऐकून घेण्याची तयारी मात्र संपलेली आहे. पात्र बदललं हे दाखवायला याहून भक्कम आधार नाही.

ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेला रुमाल इयागो कॅसिओच्या खोलीत टाकतो आणि तोच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. या रुमालाच्या नोंदी वेगळ्या पानावर ठेवाव्यात. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात ऑथेल्लो सांगतो की तो एका इजिप्शियन बाईने माझ्या आईला दिला. शेवटच्या प्रवेशात तोच रुमाल वडिलांनी आईला दिलेला ठरतो. बायकोला धाक घालताना एक हकिगत, इतरांसमोर दुसरी. यावर समीक्षकांत मतभेद आहेत, पण दोन्ही जागा उद्धृत केल्याशिवाय मत देऊ नये.

काळाचा हिशेबही नडतो. सायप्रसमधला घटनाक्रम जेमतेम दोन दिवसांचा, आणि बियांका मात्र कॅसिओ आठवडाभर फिरकला नाही म्हणते. याला चूक म्हणून मोकळं होऊ नये; या घाईमुळेच आरोप पडताळायला कोणाला सवडच मिळत नाही.

आवृत्ती तपासून घ्या. 1622च्या क्वार्टोत (या एकाच नाटकाच्या सुट्या छापील प्रतीत) डेस्डेमोनाचं विलोचं गाणं नाही, 1623च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित छापील ग्रंथात) आहे. देवलांनी केलेलं 'ऑथेल्लो'चं मराठी रूपांतर 'झुंझारराव' (1890) जरूर वाचा, पण व्हेनिसमधल्या परक्या सेनापतीबद्दलचे दाखले मूळ संहितेतूनच द्या.

लेखाची सुरुवात मी पाचव्या अंकातल्या एका प्रश्नाने करतो. माझ्या बायकोचा तो रुमाल तुझ्याकडे कसा आला, असं ऑथेल्लो कॅसिओला सरळ विचारतो. माझ्या खोलीत सापडला, असं एका वाक्यात उत्तर मिळतं. हा प्रश्न त्याने कॅसिओला याआधी एकदाही विचारलेला नाही, आणि आता डेस्डेमोना मेलेली आहे.