कल्चरची बाटली आणि बिलिंगचा काउंटर

सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी व्हायला लागतात त्या आजाराचा, प्रोटोकॉल आयसीयूत बसवायचा असेल, तर आधी एक करा. रात्री दोन वाजता ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीची) बाटली हातात पडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. ट्रेनिंग, पोस्टर, मीटिंगा सगळं नंतर.

मी नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयू इन्चार्ज सिस्टर आहे. आमचा प्रोटोकॉलचा कागद एका पानाचा. लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) बघायचं, अँटिबायोटिकच्या आधी कल्चर घ्यायचं, शॉक (बीपी पडून अवयवांना रक्त पुरत नाही अशी अवस्था) असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात द्यायचा, बीपी पडलं असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली सलाइन, आणि तरी मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५ च्या खालीच राहिलं तर बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनॅलिन. आमच्या नर्स मुलींनी पटकन उचललं. ‘माझ्या पेशंटचं मीच सांगेन’ म्हणणारे एक-दोन कन्सल्टंटही रुळावर आले.

घोडं अडलं बाटलीपाशी. बाटली लॅबमध्ये. लॅब देणार इंडेंट (मागणीचा कागद) पास झाल्यावर, आणि ते पास करणार बिलिंग. रात्री बिलिंगचा मुलगा फोनवर सांगतो, "सिस्टर, डिपॉझिट संपलंय, नातेवाइकांना खाली पाठवा." नातेवाईक सुरगाण्याचे. एक जण जिन्यात बसून गावाकडे पैशांसाठी फोन लावतोय, दुसरा सापडत नाही. इकडे पेशंटचं सिस्टोलिक (वरचं बीपी) ७० वर. शेवटी आरएमओ (ड्यूटीवरचे डॉक्टर) अँटिबायोटिकचं नाव घेऊन वैतागून म्हणतात, "मेरोपेनेम चालू करा, कल्चर सकाळी बघू." अँटिबायोटिक गेल्यावर घेतलेल्या कल्चरमध्ये जंतू वाढण्याची शक्यता कमीच. कागदावर मात्र टिक: कल्चर घेतले.

मी साधा अर्ज दिला. बाटल्यांचे काही सेट आणि पहिल्या डोसची इंजेक्शनं आयसीयूतच राहू द्या, वापरलं की बिल मागाहून लावा. स्टोअर म्हणालं, अशी पद्धत नाही. परचेस म्हणालं, सुपरिंटेंडेंट सरांची सही आणा. सर म्हणाले, अकाउंट्सचं मत घ्या. अकाउंट्सच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "चोरी झाली तर जबाबदार कोण?" कल्चरची बाटली चोरून कोण काय करणार, शोकेसमध्ये मांडणार? तोंडावर आलेलं गिळलं. फाइल त्यांच्या टेबलावर लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली पडून राहिली. विचारायला गेलं की साहेब राऊंडला. अकाउंट्सचा कसला राऊंड, देव जाणे.

भांडून काही झालं नाही. मग नाइटच्या मुलींना एक वही दिली. डॉक्टरांनी कल्चर सांगितलं ती वेळ, बाटली हातात आली ती वेळ, पहिला डोस गेला ती वेळ. बाकी काही लिहायचं नाही, कुणाचं नावही नाही. ती वही मीटिंगमध्ये सुपरिंटेंडेंट सरांसमोर उघडून ठेवली. सरांनी दोन पानं उलटली आणि तिथेच सही केली. जबाबदार म्हणून खाली माझी सही घेतली, ती मी आनंदाने दिली. आता क्रॅश कार्टबरोबर (इमर्जन्सी औषधांची ट्रॉली) दर शिफ्टला बाटल्याही मोजल्या जातात आणि एकही गेलेली नाही. साहेबांना हे मी मुद्दाम जाऊन सांगितलं.

हो, बाटल्या फ्रीजमध्ये ठेवू देऊ नका. रूम टेंपरेचरलाच ठेवायच्या असतात, पण कुणीतरी मावशी काळजीने आत सरकवतेच. एक्सपायरी जवळ आलेल्या पुढे ठेवा. मोठ्या माणसाचं रक्त दर बाटलीत ८ ते १० मिली हवं, नुसता तळ ओला करून पाठवू नका.

आणखी एक, बाहेरून आणलेल्या कागदात नसलेलं. दिंडोरी-निफाडकडून फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेले पेशंट आपल्याकडे येतच असतात. त्यांना उतारा म्हणून दिलेलं अॅट्रोपिन चढलं की नाडी धावते, अंग तापतं, माणूस बरळतो, आणि सेप्सिसच्या स्क्रीनिंगमध्ये बरोबर बसतो. आम्ही पानाच्या वरच लाल पेनने चौकट टाकली आहे: अॅट्रोपिन चालू आहे का? ‘हो’ असेल तर मुलगी आधी डॉक्टरांना बोलावते, बाटली नंतर उघडते.