पिशवीवर ‘बोटिया’, आत तीन जाती

दांडिया बाजारातले एक काका सकाळीच पिशवी घेऊन आमच्या माशांच्या दुकानात आले. कोलकात्याच्या मालातले सहा लोच, म्हणजे तळाशी राहणारे मिशाळ छोटे मासे, चार ते सहा सेंटिमीटरचे. चिठ्ठीवर एकच शब्द : बोटिया.

“यो-यो लोच म्हणून घेतलेत. पण दोन-तीन जणांची शेपटी वेगळी वाटतेय. बघता का जरा?”

पिशवीतून बघून नाव सांगण्यात अर्थ नव्हता. प्रवासात लोच फिके पडतात, पट्टे पुसल्यासारखे दिसतात. बादलीत, झाकण ठेवून, अर्धा तास अंधारात राहू दिले. मग एकेक काढला, तोही रुंद तोंडाच्या बरणीने. यो-योच्या डोळ्याखाली दुमडणारा काटा असतो. मासा घाबरला की तो उभा राहतो आणि जाळीत अडकतो. अडकलाच तर मासा ओढायचा नाही, जाळीचे धागे कापायचे.

फोटोसाठी आमच्याकडे तीन सेंटिमीटर रुंदीची काचेची चपटी पेटी आहे. मासा ज्यात होता तेच पाणी, मागे आलेख कागद, उजेड बाजूने, फ्लॅश बंद. मागून काचेची पट्टी हलकेच पुढे सरकवली की मासा दर्शनी काचेजवळ स्थिर राहतो. दोन मिनिटांत काम उरकायचं, आणि वर झाकण हवंच. लोच उडी मारतात.

तिघांचा निकाल लगेच लागला. शेपटीचा पर (पोहण्याचा पंखा) खोल दुभागलेला, मिशांच्या चार जोड्या, डोळ्याखालच्या काट्याला दोन टोकं. हे खरे बोटिया, आणि पट्ट्यांमधल्या वाय-ओ आकारांवरून यो-यो, म्हणजे बोटिया अल्मोरी. या आकारांवर मात्र फार विसंबू नये. पिल्लांत सरळ पट्टे असतात, वाढताना ते फुटून जाळीदार होतात. म्हणून नक्षी मी नेहमी शेवटी बघतो.

उरलेल्या तिघांनी वेळ खाल्ला. तिघांच्याही शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला काळा ठिपका, शेपूट न दुभागलेली. ठिपका पाहून एकच जात म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. फोटो मोठे करून मिशा मोजल्या. एकाला चार जोड्या, डोळ्याखाली काट्याची खाच, पाठीच्या परात फांद्या फुटलेले किरण (पराला आधार देणाऱ्या काड्या) सहा : हा लेपिडोसेफॅलिक्थिस नावाचा दुसरा लोच, जात बहुधा गुंटिया. नर असता तर छातीच्या परातला सातवा-आठवा किरण जुळून जाड झालेला दिसला असता. तसं काही नव्हतं, म्हणजे मादी किंवा लहान पिल्लू.

दोघांना मिशांच्या तीनच जोड्या, काटा नाही, पाठीच्या परात असे किरण अकरा. शेवटचे दोन किरण एकाच बुडातून निघतात, ते एकच धरायचे, नाहीतर आकडा चुकतो. हे पॅराकँथोकोबायटिस नावाचे तिसरे लोच.

चिठ्ठीचा घोळही इथेच उलगडला. मत्स्यअभ्यासक हॅमिल्टनने 1822 मध्ये ज्या लोचला ‘कोबायटिस बोटिया’ म्हटलं, तो आज पॅराकँथोकोबायटिस बोटिया आहे. प्राणिशास्त्रज्ञ ग्रेने 1831 मध्ये ‘बोटिया’ ही वेगळीच प्रजाती (जवळच्या जातींचा गट) उभी केली, अल्मोरी तिच्यातला. एकाच शब्दाची दोन घरं! चिठ्ठी लिहिणारा खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

“मग हे दोघं बोटियाच ना?” काकांनी विचारलं. तसं ठाम सांगितलं नाही. या गटाच्या 2015 मधल्या फेरतपासणीनंतर त्यात अनेक जाती मानल्या जातात, आणि मासा कोणत्या नदीतून धरला हे कळल्याशिवाय जातीचं नाव छातीठोकपणे देता येत नाही. कोलकाता ही बाजारपेठ झाली, नदी नव्हे. लेबलवर ‘पॅराकँथोकोबायटिस, बोटिया गट’ एवढंच लिहिलं, सोबत लांबी आणि तारीख.

यो-यो काकांच्या आधीच्याच टाकीत जातील. ते पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि तिघांपेक्षा जास्त असावेत, म्हणून काका आणखी दोन शोधणार आहेत. बाकीच्या तिघांसाठी बारीक वाळू, गुळगुळीत गोटे आणि जोरात हवा असलेली वेगळी टाकी लावायला सांगितली. या वेळी दोन पिशव्या भरल्या, दोन चिठ्ठ्या लावल्या.