ध्येयाच्या रकान्यात तान्हा पोळा

शुक्रवार, रात्री साडेदहा

थेरपीच्या फॉर्मवर 'ध्येय' असा एक रकाना असतो. एरवी त्यात 'स्पर्श सहन करण्याची क्षमता वाढवणे', 'एका जागी बसणे' असं काहीबाही लिहिलेलं असतं. आज नवा फॉर्म भरताना ओटी मॅडमनी, म्हणजे रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून थेरपी देणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, पेन माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "ताई, त्याला स्वतःला काय करायचं आहे ते लिहा." माझा धाकटा झोक्यावर पालथा पडून गोल गोल फिरत होता. तिथूनच ओरडला, "माझा नंदी मीच ओढणार!"

मग तेच लिहिलं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, आपला लाकडी नंदी तोरणापर्यंत ओढत नेणे, आणि निदान दोन घरी बोजारा (पोळ्याचा खाऊ-पैसे) मागणे.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. गेल्या वर्षी सगळी पोट्टी नटूनथटून निघाली आणि हा ओट्यावरच्या खांबाला मिठी मारून उभा होता. जायचं होतं त्याला, खूप जायचं होतं. पण डफड्यांचा आवाज सुरू झाला आणि कुणीतरी गालाला गुलाल लावला, तिथेच सगळं संपलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लाडावून ठेवलाय बाई तुम्ही." असं म्हणणाऱ्यांचा मला आता राग येत नाही, पण पटतही नाही. लाडावलेलं मूल हवं ते मिळालं की शांत होतं. याला हवं ते समोर होतं आणि तरी पाय उचलत नव्हता.

मॅडमनी आम्हाला समजावलं ते असं. आपण पाच इंद्रियं मोजतो, पण शरीराला आणखीही जाणिवा असतात. आतल्या कानातून तोल आणि हालचाल कळते. स्नायूंतून आणि सांध्यांतून हातपाय कुठे आहेत, किती जोर लावायचा ते कळतं. हे सगळं मेंदूत एकत्र यावं लागतं. काही मुलांच्या बाबतीत एखादी जाणीव फार मोठी होऊन येते, एखादी पुरेशी पोचतच नाही. म्हणून हाच मुलगा शर्टाच्या कॉलरवरचं लेबल टोचतं म्हणून रडतो आणि हाच गुडघा फुटला तरी सांगत नाही. नखं कापणं, कटिंगच्या दुकानातली मशीन, वरणात कालवलेला भात, या आमच्या घरातल्या मोठ्या लढाया. चिवडा मात्र कितीही द्या.

आवाजाचं तर मला फार दिवस कोडं होतं. मिक्सर लावला की कानावर हात, पण उन्हाळाभर कुलरच्या घरघरीत गाढ झोप! आता कळतं, कुलर सतत एकसारखा वाजतो, मिक्सर अचानक.

जाणिवा मेंदूत एकत्र येण्याची ही कल्पना, म्हणजे 'सेन्सरी इंटिग्रेशन', मांडली ती अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी. त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या, १९७२ साली त्यांनी आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण मुंबईत १९५० साली कमला निंबकर यांनी सुरू केलं, आणि नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजातही ते शिकवतात. तरी इथे 'ओटी' म्हटलं की लोकांना आधी ऑपरेशन थिएटरच आठवतं.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण नवीन आई-बाबा वेटिंग रूममध्ये फार आशेने विचारतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली सांगितलं होतं की संवेदनांची अडचण हे वेगळं निदान म्हणून वापरू नये; ही थेरपी एकूण उपचारांचा भाग म्हणून करता येते, पण तिच्यावरचं संशोधन मर्यादित आहे हे पालकांना सांगावं. शिवाय अशा अडचणी ऑटिझममध्ये (स्वमग्नता) किंवा एडीएचडीमध्येही (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असतात, त्यामुळे आधी विकासतज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी हवीच. आमच्या मॅडमनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि माझा विश्वास बसला तो तिथेच. जो माणूस 'शंभर टक्के बरं करून देतो' म्हणतो, थेरपीसाठी म्हणून जड जॅकेट आणि अंगावर फिरवायचे ब्रश आधी विकत घ्यायला लावतो, त्याच्याकडून निघून यावं. थेरपीचा उपयोग होतोय की नाही हे मुलाच्या दिवसात दिसलं पाहिजे. शाळेचे मोजे घालताना, जेवताना, खेळायला जाताना. म्हणून आजचा रकाना मला इतका मोलाचा वाटतो. तो जमला की नाही हे अख्ख्या गल्लीला दिसेल.

आणि गंमत म्हणजे नंदी ओढणं हीच थेरपी आहे. ओढणं, ढकलणं, वजन उचलणं यातून स्नायूंना आणि सांध्यांना भरपूर जाणीव मिळते आणि पुष्कळ मुलं त्याने शांत होतात. उन्हाळ्यात तो कुलरमध्ये पाणी भरायला छोटी बादली घेऊन माझ्या मागे मागे यायचा आणि त्यानंतर जेवायला नीट बसायचा, ते काही उगाच नव्हतं. आता ह्यांनी माळ्यावरून आजोबांच्या वेळचा मोठा नंदी काढलाय. चाकं करकरतात, त्यांना तेल घालायचं आहे. सुतळी हाताला टोचते म्हणून जुन्या सुती ओढणीची दोरी वळणार आहे. वेश विकतचा नको. त्याचीच धुऊन मऊ झालेली बंडी घालायची. फेटा मात्र बांधणार, घट्ट. हलक्या हाताने केसांना कुणी शिवलं तर त्याला सहन होत नाही, पण गच्च आवळलेलं आवडतं. आवाज कमी करणारे, कानाला लावायचे हेडफोन मॅडमनी दिलेत, पण फक्त डफडी जवळ आली की. दिवसभर लावून ठेवायचे नाहीत, नाहीतर साधे आवाजही नकोसे होतील, असं त्या म्हणाल्या.

गुलालाचं मी गल्लीतल्या पोरांना सांगणार आहे. पोरं ऐकतात. मोठ्यांनाच दोनदा सांगावं लागतं.

त्याच दिवशी सकाळी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीवरून मात्र घरात थोडं वाजलं. सासरे इतवारीतले, काळी-पिवळी मारबत आणि बडगे, हे मिरवणुकीतले मोठाले पुतळे, खांद्यावर बसून पाहिल्याशिवाय नागपूरचं पोर कसं मोठं होणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं प्रेम मला कळतं. पण त्या गर्दीत सकाळ गेली तर संध्याकाळपर्यंत त्याच्यात काही उरणार नाही. एका दिवसात एकच. मी ठाम राहिले आणि शेवटी तेच म्हणाले, "बरं, मग तोरणाशी मी उभा राहतो."

शाळेचं अजून बाकी आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, ऑटिझम आहे, पण याची अडचण त्यात स्वतंत्रपणे नाही. म्हणजे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर सवलत मुख्याध्यापिकांच्या मनावर. मला फार काही नको. घंटेपासून लांबचा बाक, कॉलर नसलेला पांढरा टी-शर्ट चालवून घेणं, आणि मधल्या सुट्टीआधी वह्यांचा गठ्ठा स्टाफरूमपर्यंत नेण्याचं काम त्याला देणं. मॅडम पत्र लिहून देणार आहेत. सोमवारी घेऊन जाते.